होळकर संघाचे दहा अंतिम सामने आणि आमची एक चूक

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त राजगढ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवासारख्या प्रसंगी शाळामास्तराला बोलावयास उभे केले म्हणजे तो शिक्षणावर बोलणार, आणि शिक्षणावर बोलणार म्हणजे फार वेळ बोलणार, अशी श्रोत्यांच्या मनात एक रास्त भीती असते. ती भीती आम्ही आरंभीच दूर करतो. आज आम्ही क्रिकेटवर बोलणार आहोत. त्यातही खेळ कसा खेळावा यावर नव्हे, तर आकड्यांवर : कोणता सामना किती दिवस चालला, कोणत्या हंगामात कोणी किती धावा केल्या, कोण जिंकले आणि कोण हरले. विषय हलका वाटेल. परंतु या हलक्या विषयापायी आमच्या हातून एका मुलीवर अन्याय झालेला आहे, आणि तो आम्हांला या व्यासपीठावरूनच सांगावयाचा आहे.

गतवर्षी आपल्या न्यासाने मुलांसाठी प्रश्नमंजूषेची स्पर्धा घेतली, हे आपणांस आठवत असेल. विजयी गटाच्या मुलांना वर्षभराच्या वह्यापुस्तकांचा खर्च न्यासाने द्यावयाचा, असे ठरले होते. ज्यांच्या घरी तीन-तीन मुले शाळेत जातात, त्यांस या बक्षिसाची किंमत सांगावयास नको. प्रश्न काढण्याचे आणि गुण देण्याचे काम आमच्याकडे होते. शेवटच्या फेरीत दोन गट बरोबरीत आले. आम्ही प्रश्न विचारला, ‘इंदूरच्या होळकर संघाने रणजी करंडक किती वेळा जिंकला?’ आठवीतील एका मुलीने उत्तर दिले, ‘चार वेळा.’ आम्ही मान हलवली, दहा असे उत्तर सांगितले आणि तिचा गुण कापला. तिचा गट त्या एका गुणाने हरला. मुलगी काही बोलली नाही. जाताना मात्र एवढेच म्हणाली, ‘सर, घरी जाऊन एकदा पाहाल का?’

आम्ही घरी जाऊन पाहिले. मुलगी बरोबर होती.

आता आमच्या डोक्यात दहा हा आकडा आला कोठून? त्याचे उत्तर आमच्या घरातच आहे. आमचे दादाजान तरुणपणी धारेहून इंदुरास सामने पाहावयास जात. रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या ते आम्हां नातवंडांना सी. के. नायडूंचे षटकार सांगत आणि मुश्ताक अलींची चाल उठून करून दाखवीत. बोलण्याच्या शेवटी त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : ‘होळकरांनी दहा फायनल खेळल्या, दहा!’ लहानपणी आम्ही त्यातील ‘खेळल्या’ हा शब्द ‘जिंकल्या’ असा ऐकला. पुढे बी.ए. झालो, बी.एड. झालो, इतरांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करू लागलो. परंतु ही एक चूक आमच्याच मनात तीस-पस्तीस वर्षे सुखाने नांदत राहिली. अभिमानाच्या गोष्टीची कोणी पडताळणी करीत नाही, हेच त्याचे कारण.

म्हणून आज तो हिशेब आपण नीट मांडू.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ च्या हंगामात सुरू झाली. आपल्या भागाचा संघ प्रथम ‘सेंट्रल इंडिया’ या नावाने खेळत असे. १९४१-४२ पासून तो ‘होळकर’ या नावाने उतरू लागला. महाराज यशवंतराव होळकर यांचा त्यास आश्रय होता, आणि कप्तान होते होळकरांच्या लष्करातील कर्नल सी. के. नायडू, ज्यांनी १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व केले होते. होळकर हे नाव १९५४-५५ पर्यंत, म्हणजे एकंदर चौदा हंगाम राहिले. त्यांतील शेवटच्या अकरा हंगामांपैकी दहांत हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. केवळ १९४८-४९ चे एक वर्ष सुटले. दादाजान खोटे बोलत नव्हते.

आता जमेची बाजू पाहा. १९४५-४६ मध्ये बडोद्यावर ५६ धावांनी विजय. १९४७-४८ मध्ये मुंबईवर ९ गडी राखून विजय. १९५०-५१ मध्ये गुजरातवर १८९ धावांनी विजय. १९५२-५३ मध्ये कलकत्त्यास बंगालवर पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर विजय. हे झाले चार.

आणि ही खर्चाची बाजू. १९४४-४५ मध्ये मुंबईकडून ३७४ धावांनी पराभव. १९४६-४७ मध्ये बडोद्याकडून एक डाव व ४०९ धावांनी. १९४९-५० मध्ये पुन्हा बडोद्याकडून ४ गड्यांनी. १९५१-५२ मध्ये मुंबईकडून ५३१ धावांनी. १९५३-५४ मध्ये मुंबईकडूनच ८ गड्यांनी. आणि १९५४-५५ मध्ये आपल्या इंदुरातच मद्रासकडून ४६ धावांनी. हे झाले सहा. चार आणि सहा मिळून दहा. दादाजानांच्या दहांत ते सहा पराभवही होते. आम्ही मात्र ते मनातल्या मनात जमेस धरून टाकले.

विद्यार्थिमित्रांनो, एवढ्याने कोणास वाटेल की मग होळकर संघ काही फार मोठा नव्हता. तसे मुळीच नाही. उलट आमचे म्हणणे असे की, त्या सहा पराभवांचा तपशील पाहिल्याखेरीज त्या संघाचे मोठेपण कळतच नाही. त्यासाठी एकच सामना घेऊ : मार्च १९४५ चा, मुंबईस झालेला.

तो महायुद्धाचा काळ. इंग्लंडचे नामांकित फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत आपल्या शेजारी महूच्या छावणीत होते, आणि नायडूंनी त्यांना होळकर संघात घेतले होते. मुंबईने पहिल्या डावात ४६२ धावा केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावांचा डोंगर रचला. त्यात विजय मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८. होळकरांपुढे जिंकण्यासाठी ८६७ धावांचे लक्ष्य आले. एखाद्याने हात जोडून गाडी पकडली असती. परंतु कॉम्प्टन नाबाद २४९ धावांपर्यंत उभे राहिले, आणि पहिल्या डावात १०९ धावा केलेल्या मुश्ताक अलींनी दुसऱ्या डावात १३९ केल्या. संघाच्या ४९२ झाल्या आणि सामना गेला. दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या. सहा दिवस खेळ चालला होता.

याच सामन्यात सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी दोन्ही डाव मिळून १५२ षटके आणि ५ चेंडू टाकले. म्हणजे ९१७ चेंडू. त्यांत ४२८ धावा दिल्या आणि ११ गडी बाद केले. एका सामन्यात एका गोलंदाजाने इतके चेंडू टाकल्याचे दुसरे उदाहरण तोवर नव्हते. हा आकडा किती मोठा आहे, हे समजण्यासाठी एक तुलना सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये केपटाऊन येथे भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात जो कसोटी सामना झाला, तो दोन्ही संघांचे डाव धरून अवघ्या ६४२ चेंडूंत निकाली निघाला. संबंध कसोटी सामना ६४२ चेंडूंचा, आणि आपल्या होळकर संघाचा एक गोलंदाज एकटा ९१७ चेंडू टाकतो, तोही हरलेल्या सामन्यात! आता सांगा, केवळ विजयांची यादी ठेवणाऱ्याच्या वहीत सी. एस. नायडूंच्या त्या श्रमांना जागा कोठे मिळेल?

याच सामन्याची एक गोष्ट आहे. ती स्वतः कॉम्प्टन यांनी पुढे सांगितली आहे, आणि धर्मादाय न्यासाच्या सभेत तर ती सांगावयासच हवी. एका धनिक शेठजींनी कॉम्प्टन यांना वचन दिले की, शंभरीच्या पुढील प्रत्येक धावेमागे अमुक रक्कम देईन. कॉम्प्टन यांनी शंभरीपुढे आणखी १४९ धावा केल्या. परत येऊन शेठजींची चौकशी केली, तो एक चिठ्ठी मिळाली : तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागत आहे, क्षमस्व! आपल्या न्यासाच्या खजिनदारांना ही गोष्ट आम्ही पूर्वी सांगितली, तेव्हा ते बराच वेळ हसत होते. त्यांच्या हसण्याचे कारण त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

आता सामन्याच्या लांबीविषयी दोन शब्द. मुलांना वाटते, सामना म्हणजे ठराविक वेळेचा. शाळेचा तास जसा घंटेवर सुटतो तसा. परंतु क्रिकेटचे घड्याळ सर्वकाळ एक नव्हते. रणजी स्पर्धेचा अगदी पहिला सामना नोव्हेंबर १९३४ मध्ये मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला, तो एका दिवसात संपला. म्हैसूरचे दोन डाव ४८ आणि ५९, मद्रासचा एक डाव १३०. निकाल लागला आणि लोक दिवेलागणीला घरी गेले. त्याच स्पर्धेत मार्च १९४९ मध्ये पुण्यास मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला, तो सात दिवस चालला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकंदर धावा २३७६. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. स्पर्धा एक, करंडक एक, आणि एक सामना एका दिवसाचा तर दुसरा सात दिवसांचा!

बाहेरच्या जगातही तसेच. ३ मार्च १९३९ रोजी डर्बन येथे इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका यांचा कसोटी सामना सुरू झाला. निकाल लागेपर्यंत खेळावयाचे, असा करार होता. १४ मार्च उजाडला तरी निकाल नाही. इंग्लंडला जिंकण्यास ६९६ धावा हव्या होत्या. ५ बाद ६५४ झाल्या. केवळ ४२ उरल्या, आणि पाऊस आला. पुढे थांबावे तर परतीची बोट चुकणार. अखेर सामना अनिर्णित सोडून मंडळी बोट गाठावयास निघाली. ज्या सामन्यास काळाची मर्यादाच नव्हती, तोही काळानेच संपविला.

तात्पर्य असे की, धावांचा आकडा एकटा उभा राहू शकत नाही. त्यास किती वेळ मिळाला, हे सोबत सांगावे लागते. हंगामाच्या विक्रमांचेही असेच. १९४४-४५ च्या त्याच हंगामात मुंबईच्या रूसी मोदींनी १००८ धावा केल्या. रणजीच्या एका हंगामात हजार धावा करणारे ते पहिले. तो विक्रम १९८८-८९ मध्ये मद्रासकडच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी १०१८ धावा करून मोडला. पुढे १९९९-२००० मध्ये हैदराबादच्या लक्ष्मण यांनी १४१५ धावा केल्या. मग मोदी लहान आणि लक्ष्मण मोठे काय? तसे म्हणता येणार नाही. मोदींना त्या हंगामात पाच सामने मिळाले होते, लक्ष्मण यांना नऊ. आणि त्यावरून लक्ष्मण यांचे श्रेय कमी होते, असेही नाही. नऊ सामने धावा करीत राहणे हेही सोपे नव्हे. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र ते शेजारी मांडताना सामन्यांची संख्या लिहावयास विसरलो, तर दोन खऱ्या आकड्यांतून एक खोटे अनुमान तयार होते. वर्गात आम्ही हे गणित शिकवितो, आणि स्पर्धेत स्वतःच विसरलो.

विक्रमांची गोष्ट निघाली आहे, तर आपल्या इंदुरातील एका डावाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. १९४५-४६ चा उपांत्य सामना, समोर म्हैसूर. होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. एकाच डावात सहा जणांनी शतके केली : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. या सहांचीच बेरीज ७८० होते, ती मुलांनी घरी जाऊन पडताळून पाहावी. मास्तरांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. ९१२ हा रणजीतील सर्वांत मोठा डाव म्हणून पुढे १९९३-९४ पर्यंत टिकला. मग हैदराबादने आंध्रविरुद्ध ६ बाद ९४४ केल्या.

परंतु त्याच डावात म्हैसूरचे बी. के. गरुडाचार गोलंदाजी करीत होते. त्यांनी ४ गडी बाद केले आणि ३०१ धावा दिल्या. दिवस दिवस मार खाल्ला. तो मनुष्य नंतर दुसऱ्या डावात फलंदाजीस आला आणि त्याने १६४ धावा केल्या. आम्हांला विचाराल तर त्या सामन्यातील सहा शतकांइतकेच ते सातवे शतकही मुलांनी पाठ करावे. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात, वयाची पन्नाशी ओलांडलेल्या सी. के. नायडूंनी बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या आणि होळकरांनी करंडक प्रथमच जिंकला.

पुढच्याच वर्षी बडोद्याने त्याची परतफेड व्याजासह केली. मार्च १९४७ चा अंतिम सामना. होळकरांचा पहिला डाव २०२. बडोद्याची अवस्था ३ बाद ९१ अशी असताना विजय हजारे आणि गुल मोहंमद एकत्र आले, आणि ५३३ मिनिटे, म्हणजे पावणेनऊ तासांहून अधिक, खेळून त्यांनी ५७७ धावांची भागी केली. गुल मोहंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठीची ही जागतिक विक्रमाची भागी जुलै २००६ पर्यंत अबाधित होती. त्या वेळी कोलंबोस संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा केल्या. यातील गंमत अशी की, सांगलीचे विजय हजारे हे पूर्वी आपल्या देवासच्या महाराजांच्या आश्रयास होते आणि सेंट्रल इंडियाकडून खेळलेले होते. म्हणजे होळकरांना सर्वांत मोठा मार बसला तो देवासचे मीठ खाल्लेल्या बॅटनेच. धार आणि देवास पवारांचे, इंदूर होळकरांचे. त्यामुळे देवासकर सभासदांनी त्या पराभवाचे किती दुःख करावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे!

आता एक आकडा असा सांगतो, जो पुरा झालाच नाही. इंदूरच्या त्या सहा शतकांपैकी एक ज्यांचे होते, ते कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळत होते. काठियावाडच्या २३८ धावांना उत्तर देताना निंबाळकर आणि भांडारकर यांनी, म्हणजे इंदूरच्या त्याच डावातील दोघांनी, दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. तिसऱ्या दिवशी उपाहाराची वेळ झाली तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या आणि निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमन यांचा त्या वेळचा जागतिक विक्रम नाबाद ४५२ धावांचा. बरोबरीस नऊ धावा हव्या, पुढे जाण्यास दहा. परंतु उपाहारानंतर काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. दोन षटके तरी टाका, अशी विनंती झाली. ती मानली गेली नाही.

निंबाळकर नाबाद ४४३ वरच राहिले. त्यांना अधिकृत कसोटी सामना कधीच खेळावयास मिळाला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ते कोल्हापुरास वारले. आज ४४३ हा आकडा प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या म्हणून नोंदलेला आहे. परंतु तो नुसता लिहिला, तर वाचणाऱ्यास वाटेल की हा मनुष्य तेथे थकला असेल, वा त्याच्या संघाने डाव सोडला असेल. तो थकला नव्हता आणि बादही झाला नव्हता. समोरच्यांनी खेळणे थांबविले. हे एक वाक्य त्या आकड्याशेजारी लिहिणे, एवढाच त्या मनुष्याला देता येण्याजोगा न्याय आता आपल्या हाती आहे.

बंधूंनो, १९५४-५५ च्या अंतिम सामन्यानंतर होळकर हे नाव स्पर्धेतून गेले. संस्थाने विलीन झाली होती. संघ प्रथम मध्य भारत आणि मग मध्य प्रदेश या नावाने खेळू लागला. सी. के. नायडू १९५६-५७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. १९६७ साली इंदुरास त्यांचे देहावसान झाले. मुश्ताक अली २००५ पर्यंत इंदुरात होते. परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय ते. १९३६ साली मँचेस्टर येथे त्यांनी ११२ धावा केल्या होत्या. आमच्या मोहल्ल्यातील वृद्ध मंडळी त्यांचे नाव घेताना आजही आवाज किंचित खाली आणतात. आणि पाहा, आज देशातील वीस-वीस षटकांची राष्ट्रीय स्पर्धा सय्यद मुश्ताक अलींच्या नावाने होते, पन्नास षटकांची विजय हजारेंच्या नावाने, आणि तरुणांची अनेक दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा सी. के. नायडूंच्या नावाने. सहा दिवसांच्या सामन्यात दोन शतके करणाऱ्याचे नाव तीन-साडेतीन तासांच्या सामन्याला मिळाले आहे. आमची याबद्दल तक्रार नाही. मुश्ताक अलींची चाल पाहिलेले दादाजान म्हणत, हा गृहस्थ सहा दिवसांचा सामनाही घाईत असल्यासारखाच खेळे.

मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळावयास २०२२ साल उजाडावे लागले. १९९८-९९ च्या हंगामात बंगळूर येथे चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम सामना खेळला आणि कर्नाटककडून हरला. तेच पंडित तेवीस वर्षांनी प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर परत आले, आणि २६ जून २०२२ रोजी मध्य प्रदेशाने मुंबईला ६ गडी राखून हरविले. पंडितांचे डोळे त्या दिवशी भरून आलेले सर्वांनी पाहिले. ज्याला १९९९ चा पराभव ठाऊक नाही, त्याला त्या अश्रूंचा अर्थ कसा लागावा?

आता आम्ही मूळ गोष्टीकडे येतो.

चूक कळल्यावर चार दिवस आम्ही गप्प होतो. मास्तराची चूक मास्तरानेच जगजाहीर करावी, याला धैर्य लागते, आणि आमच्यापाशी ते लगेच नव्हते. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेलो. दारात तिच्या आजी होत्या. आम्ही उभ्या उभ्याच सर्व सांगू लागलो. त्या म्हणाल्या, ‘मास्तर, आधी आत या, बसा. चूक सांगायला घरी आलेल्या माणसाला दारात उभं ठेवतात होय?’ चहा झाला. मुलगी आली. आम्ही म्हणालो, ‘बेटी, तू बरोबर होतीस, आम्ही चुकलो.’ ती म्हणाली, ‘सर, मला ठाऊक होतं तुम्ही पाहाल. पण तेव्हाच पाहिलं असतं, तर आमच्या गटातल्या दोघींची पुस्तकं आली असती.’ तिने स्वतःचे नाव घेतले नाही. त्या वाक्यावर आम्हांला आजवर उत्तर सुचलेले नाही. त्या दोघींच्या पुस्तकांची व्यवस्था आम्ही केली. परंतु त्याने स्पर्धेच्या नोंदवहीतील निकाल काही बदलला नाही. तेथे अजूनही आमचा दहा हा आकडा आणि तिच्या नावापुढचे शून्य आमच्या सहीनिशी उभे आहे.

म्हणून विश्वस्तांना आमची पहिली विनंती अशी की, ती नोंद खोडू नये, फाडू नये. तिच्याखाली एक ओळ लिहावी : ‘उत्तर चार हे बरोबर होते. गुण देण्यात परीक्षकाची चूक झाली.’ खाली आम्ही सही करू. ज्या गटास बक्षीस मिळाले, त्या मुलांचा यात काही दोष नाही. त्यांचे बक्षीस त्यांचेच राहावे.

आणि दुसरी विनंती महोत्सवाच्या निमित्ताने. या स्मरणिकेत आपण पन्नास वर्षांतील कामे छापीत आहोत : किती विद्यार्थ्यांना साहाय्य दिले, किती रुग्णांना औषधे दिली, किती विवाहांना हातभार लावला. ती यादी वाचून छाती भरून येते. परंतु ज्यांचे अर्ज निधीअभावी परत गेले, जो रात्रीचा वर्ग विद्यार्थी न टिकल्यामुळे बंद करावा लागला, त्यांचेही एक पान असावे. कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. पुढच्या पन्नास वर्षांतील विश्वस्तांना आपल्या दहा सामन्यांतील सहा कोठे गेले, ते कळावे म्हणून. होळकर संघाचे चार करंडक मोठे आहेतच. परंतु हरल्यावर पुढच्या हंगामात पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत येणे, आणि असे अकरा वर्षांत दहा वेळा येणे, हे सहा पराभव लपविले तर दिसतच नाही.

ती मुलगी आज सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही, कारण तिने तशी अट घातली आहे. यंदाच्या स्पर्धेचे प्रश्न तपासण्याचे काम मात्र आम्ही तिच्याकडे सोपविले आहे, आणि पहिल्याच दिवशी तिने आमचे दोन प्रश्न परत पाठविले आहेत.

 न्यासाला दीर्घायुष्य लाभो, आणि त्याच्या वहीची दोन्ही पाने भरलेली राहोत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.